आमची वाटचाल : एका बिल्ड स्क्रिप्टच्या जोरावर

योक्टोवर (उपकरणांसाठी हवं तसं लिनक्स बांधायची साधनं) काम करणाऱ्यांना सांगायला नको, पण नातेवाइकांना आजही समजावावं लागतं की आमचा धंदा नक्की कशाचा. आम्ही बिल्ड स्क्रिप्ट सांभाळतो, म्हणजे सोर्स कोडपासून तयार सॉफ्टवेअर बांधून काढणाऱ्या कमांडची फाइल. कारखान्यातल्या पॅनेलचा बोर्ड, त्यावर चढणारं लिनक्स, वरची क्यूटी या ग्राफिक्स लायब्ररीतली स्क्रीन, हे सगळं शेकडो रेसिप्यांमधून (कोणतं सॉफ्टवेअर कुठून आणायचं, कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइल) एका कमांडवर आणि दर वेळी तस्संच्या तसं बांधून निघालं पाहिजे. कर्वेनगरातल्या दोन खोल्यांत आम्ही हेच करत आलो आणि मला त्याचा अभिमान आहे.

सुरुवात २०१४ ची. लिनक्स फाउंडेशननं २०१० मध्ये योक्टो प्रोजेक्ट सुरू केला. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षाला दोन रिलीज ठरलेली. चिपवाल्यांचे बीएसपी (त्यांच्या बोर्डासाठीचं सॉफ्टवेअर) मात्र कुठल्या तरी जुन्या रिलीजला चिकटून बसलेले. या दोघांच्या मधल्या फटीत आमचं पोट भरतं. माझ्या भागीदारानं तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून मशीन जोडलं. परवडेल तेवढी रॅम आणि दोन डिस्क, एक डाउनलोडला, एक एसस्टेटला, म्हणजे आधी बांधून झालेले तुकडे पुन्हा वापरायला जपणाऱ्या साठ्याला. पहिली स्क्रिप्टही त्याचीच. अगदी वर ‘सेट -ईयूओ पाइपफेल’, म्हणजे जिथे अडलं तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. फक्त ओई-इनिट-बिल्ड-एन्व्ह ही योक्टोची सुरुवातीची स्क्रिप्ट सोर्स करण्याआधी (आपल्या स्क्रिप्टमध्ये चालवून घेण्याआधी) ‘यू’, म्हणजे किंमत न दिलेल्या व्हेरिएबलवर थांबवणारा पर्याय, काढायचा आणि लगेच नंतर परत लावायचा, नाहीतर ‘बीबीसर्व्हर अनबाउंड’ म्हणून स्क्रिप्ट दारातच मरते. त्या तीन ओळींवर त्यानं कॉमेंट लिहिली होती, ‘इथला यू हलवू नये, रात्र वाया जाईल’. पुढे तो जर्मनीला गेला. त्या ओळींना मी अजून कोणाला हात लावू देत नाही.

भोसरी एमआयडीसीत मोल्डिंग मशीनची कंट्रोल पॅनेल बनवणारे एक गृहस्थ आमचे पहिले ग्राहक. आम्ही त्यांना काका म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “अरे, दहा वर्षांनी कोणी हेच पॅनेल दुरुस्तीला घेऊन आला, तर हीच इमेज परत काढून द्याल का?” इमेज म्हणजे बोर्डावर चढवायची तयार फाइल. नुसतं हो म्हणून भागणार नव्हतं, म्हणून स्क्रिप्टच त्या प्रश्नाभोवती बांधली. प्रत्येक एसआरसीरेव्ह (कोडची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची ते) पूर्ण हॅशनं, म्हणजे त्या आवृत्तीच्या लांबलचक ओळखक्रमांकानं, बांधलेला, ऑटोरेव्हला (दर वेळी ताजी आवृत्ती घेण्याला) बंदी. गिटचे (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीचे) मिरर टारबॉल, म्हणजे कोडची गठ्ठा बांधलेली प्रत, स्वतः काढायचे, आपल्याच नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) ठेवायचे आणि ओन-मिरर्स लावून बिल्डला आधी तिथेच बघायला लावायचं. एकदा सगळं फेच (डाउनलोड) झालं की बीबी-नो-नेटवर्क, म्हणजे नेट वापरायलाच बंदी, चालू करून बिल्ड पुन्हा पहिल्यापासून. ज्या उबंटूवर बिल्ड केला त्याचा कंटेनरही (त्या उबंटूची बंद डब्यातली प्रत) सोबत जपायचा, कारण त्या काळचं बिटबेक (रेसिप्या चालवणारं योक्टोचं साधन) पायथन २ मागतं. दुसऱ्या नॅसचे पैसे काकांनी एका शब्दानं न विचारता दिले. गुरुवारी भोसरीला सुट्टी, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज गेलेली. त्यामुळे बुधवारी रात्री लांबचा बिल्ड लावायचा नाही हा नियमही त्यांनीच घालून दिला. ते जुनं पॅनेल पुढे खरंच दुरुस्तीला आलं आणि इमेज निघाली.

मधली वर्षं बरी गेली.

२०२१ मध्ये आम्ही बुडायच्या बेतात होतो. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीनं आमच्या तीन ग्राहकांना निम्म्या दराचं कोटेशन दिलं. त्यांच्या मीटिंगला मला ‘हँडओव्हर’साठी बोलावलं होतं. प्रोजेक्टरवर त्यांची स्क्रिप्ट उघडली, वर त्यांच्या कंपनीचं नाव, आणि खाली माझ्या भागीदाराची ती मराठी कॉमेंट जशीच्या तशी. आमची स्क्रिप्ट एमआयटी लायसन्सखाली खुली आहे. घ्या, बदला, विका, कोणाचीच हरकत नाही. ते लायसन्स अट एकच घालतं, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहिला पाहिजे. त्यांनी नेमकं तेवढंच काढलं होतं. मी बोट दाखवलं तर ग्राहकाचा मॅनेजर म्हणाला, “ओपन सोर्स आहे ना? मग तक्रार कसली?” ते वाक्य मी विसरलेलो नाही. तिघंही गेले. पगार लांबले, मला एफडी मोडावी लागली, चांगली तयार झालेली दोन मुलं सोडून गेली. काकांनी वर्षभराचं एएमसी (देखभालीचं शुल्क) आगाऊ भरलं आणि वर एवढंच म्हणाले, “स्क्रिप्ट बंद पडू देऊ नका.”

त्या कंपनीनं आणखी एक गोष्ट केली होती. डिस्क खाते, वेळ खाते म्हणून मिररची पायरीच उडवली. इकडे गिटहबनं (जिथे जगभरचा खुला कोड ठेवलेला असतो) साधा, बिनएन्क्रिप्शनचा ‘गिट’ प्रोटोकॉल बंद करण्याचं सप्टेंबर २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. जानेवारीत एक दिवस बंद ठेवून चुणूक दाखवली आणि १५ मार्च २०२२ ला तो कायमचा बंद केला. ओई-कोअरच्या (योक्टोच्या मूळ संचातल्या) रेसिप्या अशा वेळी योक्टोच्या मिररवरून निभावून जातात. अडकतात त्या व्हेंडर लेअरमधल्या (चिपवाल्यांनी दिलेल्या रेसिप्यांच्या संचातल्या), ज्यांच्या एसआरसी-यूआरआयमध्ये (कोडच्या पत्त्यात) ना प्रोटोकॉल लिहिलेला, ना ब्रँच (कोडची शाखा). ब्रँच दिली नसेल तर बिटबेक मास्टर धरतं, आणि तोवर कित्येक रेपोंत (कोडच्या भांडारांत) मास्टर या ब्रँचचं नाव मेन झालेलं. मार्च सरायच्या आत त्याच मॅनेजरचा फोन आला. इमेज निघत नव्हती आणि माल गोदामात पडून होता. आम्ही आमच्या मशीनची नेटवर्क केबल काढून रात्री बिल्ड लावला, सकाळी इमेज पाठवली. तिघांपैकी दोघं परत आले. लायसन्सची ओळ त्या दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये आजतागायत परत आलेली नाही.

या कामात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो, एसस्टेटच्या भरवशावर राहू नका. आठवड्यातून एकदा रिकाम्या एसस्टेटवर, नव्या युजर अकाउंटमधून बिल्ड काढा. व्हेरिएबल कुठून आलं याचा अंदाज बांधत बसू नका, प्रत्येक व्हेरिएबलची किंमत आणि ती कुठून आली ते छापणाऱ्या ‘बिटबेक -ई’चं आउटपुट वाचा. आणि बिल्ड स्क्रिप्टही कोडइतक्याच बारकाईनं तपासा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनातलं बॅकडोर (चोरदार) आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी पकडलं. त्याला दार उघडून देणारी एम४ फाइल (बिल्डची तयारी करणारी) गिटमध्ये नव्हतीच. ती ५.६.० आणि ५.६.१ च्या रिलीज टारबॉलमध्ये होती आणि कॉन्फिगर ही बिल्डआधीची पायरी चालताना आपलं काम करत होती. तेव्हापासून आमच्याकडे टारबॉल आला की तो गिटच्या टॅगशी ताडून बघतो. तुम्हीही बघा, फार वेळ लागत नाही.

सध्या काकांची पॅनेल्स कर्कस्टोन या योक्टोच्या रिलीजवरून नंतरच्या स्कार्थगॅपवर न्यायचं काम हातात आहे. कर्कस्टोनला आधार एप्रिल २०२६ पर्यंत, स्कार्थगॅपला एप्रिल २०२८ पर्यंत. त्याच्या पुढच्या रिलीजपासून ‘एस’ (सोर्स कोडचा फोल्डर) थेट वर्कडिरवर (रेसिपीच्या कामाच्या फोल्डरवर) ठेवता येत नाही, अनपॅकडिरकडे (कोड उघडायच्या वेगळ्या फोल्डरकडे) जावं लागतं. म्हणून जुन्या रेसिप्या आम्ही आत्ताच एकेक करून बदलतोय. तुमच्या लेअरमध्ये अशा रेसिप्या असतील तर त्याही आत्ताच बदलून ठेवा, ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात हे काम उरकत नाही.