भोंगा

आमचे अण्णा साखर कारखान्यात फिटर. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ अशा पाळ्या. पहिल्या पाळीत चारचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. ते उकळेपर्यंत अण्णांची सायकल दारात. हँडलला रिकामा डबा, अंगाला मळीचा वास. त्यानंतर साहेबाला अण्णा हवेच असतील तर माणूस धाडावा लागे, आणि त्या माणसालाही आधी चहा घ्यावा लागे.

माझ्या नोकरीला भोंगा नव्हता. मी १९८८ चा, म्हणजे १९८१ ते १९९६ च्या मिलेनियल पिकातला. हिंजवडीच्या ऑफिसात कॅरम होता, फुकट कॉफी होती, शुक्रवारी पिझ्झा. आमच्या पिढीला म्हणे हेच लागतं. लागतं की, नाही कशाला म्हणू! पण पिझ्झा रात्री नऊला यायचा, तिथं गोम होती.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. मी सुट्टी काढून सांगलीत, गावभागातल्या घरी आलेलो. खाली पाणी, वर माळ्यावर आम्ही तिघं, सिलिंडर आणि अण्णांच्या पेन्शनची कागदं. फोनला बारा टक्के चार्जिंग. त्यात मॅनेजरचा मेसेज : ‘लॅपटॉप सेफ ना?’ सेफच होता, गव्हाच्या पिंपावर. मी ‘हो’ म्हटलं. लगेच पुढचा : ‘मग सोमवारी लॉगिन करशील?’

पुढच्या वर्षी घरून काम सुरू झालं आणि ऑफिसच्या चॅटवर नावापुढे जो ‘कामावर आहे’ सांगणारा हिरवा ठिपका असतो, त्यावर पहारा बसला. दहा मिनिटं ठिपका पिवळा दिसला की फोन. सांगलीहून जवळच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये माळरानावर ती वसवताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीला ठेवलं होतं. आणि मी साधा इंजिनिअर, जेवायला उठलो तरी संशयित!

आता सांगलीतच, विश्रामबागेत आठ जणांच्या ऑफिसात आहे. पगार कमी, कॅरम नाही, चारला कुणीतरी भडंगाचा पुडा फोडतं. ‘सर, गुरुवारी येत नाही,’ म्हटलं की सर ‘बरं’ म्हणतात. कारण विचारत नाहीत. पहिल्यांदा मीच कारण सांगत सुटलो होतो, मावशीच्या मोतीबिंदूपासून. नवी पोरं तर सहाला पाच कमी असतानाच सॅक खांद्याला लावतात. आधी राग यायचा, आता हेवा वाटतो.

‘तुमच्यात भोंगा कोण वाजवतं?’ अण्णांनी परवा विचारलं.

सहा वाजता सर उठतात आणि पंख्यांची बटणं एकेक करून बंद करत येतात. शेवटचा पंखा माझ्या डोक्यावरचा. तो थांबला तरी मी घाम पुसत एक मेल संपवत असतो.

‘अरे, ऊठ की आता,’ सर म्हणतात.