तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट ठाऊक असताना का वाचायचं?

"कोकणातली माणसं एवढी हिशेबी, कोर्टकचेरीत मुरलेली. आणि वाचायला काय घेतात, तर भुताटकी, गडकिल्ले नाहीतर प्रेमप्रकरणं! त्यात असतं तरी काय? शेवट पहिल्या दहा पानांत कळतो." हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी येतो की एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

शेवट कळतो, हे कबूल. ओसाड घरात कुणीतरी असणार, किल्ला पडणार किंवा राखला जाणार, त्या दोघांचं जमणार किंवा फिसकटणार. पण "काय होणार" हा प्रश्न एकदा निकालात निघाला की वाचकाचं सगळं लक्ष "कसं होणार" याकडे लागतं, आणि या तिन्ही प्रकारांची गोडी तिथेच आहे. जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आख्यान पुराणातलं, कोण मरणार ते शेंबड्या पोरालाही माहीत. लिखित संहिता नाही, संवाद नट जागच्या जागी रचतात. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तोच पर्वत. तरी माणसं थंडीत कांबळं पांघरून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसतात, कारण आजचा राजा उद्याच्या राजासारखा बोलणार नाही. राक्षसाच्या एका सवालाला आज काय जवाब येतो, ते ऐकायचं असतं.

मात्र "कसं" वर सगळा भार टाकला की तपशील चुकवून चालत नाही. कोकणावर लिहिणारे नेमके तिथे पडतात, आणि सगळ्यात जास्त पडतात समुद्रात.

किनाऱ्यावरच्या भयकथेत हमखास येणारं एक दृश्य घ्या. पौर्णिमेची मध्यरात्र, लांबच लांब मोकळी पुळण, ओल्या वाळूत एकट्या बाईच्या पावलांचे ठसे. छान आहे, पण त्या वेळी पुळण कुठे असते? भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: पक्षातली तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाची एक आणि रात्रीची एक, आणि पुढे सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण कथेला एवढं पुरतं. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री समुद्र तुडुंब भरलेला, वर उधाणाचे दिवस, लाट सुरूच्या बुंध्याशी आलेली. ठसे उमटायचे कशात?

ठसेच हवे असतील तर वद्य अष्टमी घ्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी, आणि चंद्र उगवतोच मुळी मध्यरात्रीच्या आसपास. तो उगवणार पूर्वेला, म्हणजे डोंगरामागून. सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळी सपाटीच्या, कडेवर आधी नुसता फिकट उजेड दिसतो, माडांचे शेंडे उजळतात, आणि खाली वाळूवर अजून काळोखच असतो. भीतीसाठी याहून चांगली व्यवस्था कोणता लेखक करणार? एकच अडचण म्हणजे अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान. पाणी उधाणासारखं खूप आत जात नाही, म्हणून पुळण मैलभर रुंद दाखवू नका.

प्रेमकथेवाल्यांना मात्र पौर्णिमा खुशाल द्यावी, फक्त मध्यरात्र सोडून संध्याकाळ घ्यावी. त्या दिवशी ओहोटी साडेपाचच्या सुमारास असते, वाळू पंधरवड्यात कधी नव्हे एवढी उघडी पडलेली असते, समोर सूर्य बुडतोय आणि पाठीमागून चंद्र वर येतोय. हे सगळं पंचांगानेच जुळवून दिलेलं आहे, लेखकाने फक्त दोन माणसं आणून उभी करायची. तरीही दर दिवाळीत एखाद्या अंकात कोकणातला चंद्र पश्चिमेच्या समुद्रातून वर येतोच. अशा पानावर वाचकाचा विश्वास एकदा उडाला की पुढे भूत आलं काय आणि नवरा आला काय, त्याला फरक पडत नाही.

ऐतिहासिक गोष्टींचंही असंच, फक्त तिथे ऋतू महत्त्वाचा. सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४चा आहे. पाऊस सरलेला, समुद्र निवलेला, कुरटे बेटावर चुना-दगड नेता येईल असे पुढचे सहा महिने हातात. आरमारी हालचालींचे दिवस हेच. जूनच्या तोंडाशी गुराबा आणि गलबतं खाडीत ओढून शाकारली की नारळी पौर्णिमेपर्यंत शिडाचं नाव नाही. त्यामुळे कादंबरीत आषाढात भर समुद्रात तोफा धडाडल्या की समजावं, लेखकाने पावसाळा खिडकीतून पाहिला आहे.

बारीकसारीक चुका आणखी असतात. शिवकाळातल्या वाड्यात काचेचा कंदील लागतो. घासलेटाचे कंदील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, त्याआधी कोकणात उंडीचं कडू तेल नाहीतर खोबरेल जळायचं, आणि त्या दिव्याचा उजेड समईपुढे हातभरच पडायचा. मावळा "दोन मिनिटांत येतो" म्हणतो. त्याच्याकडे पळ होतं, चोवीस सेकंदांचं, आणि घटका होती, चोवीस मिनिटांची. संवादात "घटकाभर थांब" लिहिलं की काळ आपोआप मागे जातो. त्यासाठी पानभर "अहो सरदार, आपण तर" छापाची बोजड भाषा लागत नाही.

पण निव्वळ अचूकपणाने कादंबरी होत नाही, तशी टिपणवही होते. इतिहास वाचकाला जे आधीच सांगून बसलेला असतो, त्याचा उपयोग करता आला पाहिजे. एक उदाहरण रचून बघू. साल १७५६, जानेवारी महिना, विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांच्या आरमारातला एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, भावी सासऱ्यासमोर ओटीवर बसलाय. लग्न आत्ताच उरकू या, असं सासरा म्हणतो. तांडेल म्हणतो, "शिमगा होऊन जाऊ दे. पालखी घरात आली की मग बार उडवू." एवढंच. वाक्यात काही नाही, दोघंही हसताहेत. पण वाचकाला माहीत आहे की फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून येणार आहे. एकमेकांना बांधून ठेवलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागणार आहे आणि एकाची दुसऱ्याला लागत सगळं आरमार जळणार आहे. शिमगा मार्चमध्ये. तांडेलाने मागितलेली मुदत महिन्याभराने जास्त आहे. हे त्याला सांगता येत नाही, लेखकाला बदलता येत नाही, आणि वाचक पान उलटत राहतो. सामाजिक कादंबरीतल्या नायकाशी वाद घालता येतो, "अरे, नोकरी सोड ना!" म्हणता येतं. इथे तारखेशी वाद नाही. ही जी हतबलता आहे तिची चटक लागते.

हेच वाचक उद्या "तांडेल खराच होता ना?" विचारतात, हा या प्रकाराचा तोटा. बखरींबाबतही तो आहेच. सभासदाची बखरसुद्धा १६९७च्या सुमाराची, महाराज गेल्यावर सतरा वर्षांनी लिहिलेली, आणि बाकीच्या बहुतेक त्याहून कितीतरी उशिराच्या. कादंबरी वाचून भांडायला उठण्याआधी त्या काळची पत्रं काय म्हणतात ते बघावं.

आता भुतं. इथे जरा थांबतो, कारण हसणारे इथेच सगळ्यात जास्त हसतात.

कोकणी भूत कधी मोकाट नसतं. त्याला हद्द, वेळ आणि मागणं असतं. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचा पिंपळ ठरलेला. धनात जीव अडकून गेलेला समंध, तो धन सोडून हलत नाही. बाळंतपणात गेलेली अळवंतीण. प्रत्येकाच्या मागे काहीतरी अर्धं राहिलेलं आहे: लग्न, वारसा, मूल. भुताच्या गोष्टीतून प्रेमकथा आणि घराण्याचा इतिहास काढून टाकला तर मागे फक्त दार वाजल्याचा आवाज उरेल. म्हणून हे तीन प्रकार वेगवेगळ्या कपाटांत ठेवणं मला पटत नाही. बाकी देवचार आणि राखणदार यांना भूत म्हटलेलं तळकोकणात खपणार नाही. ते हद्दीचे रखवालदार. वर्षाचा नारळ, विडी, ठरलं असेल ते त्यांना पोचलं की ते वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतात. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, तर भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात म्हणून. भुतांच्या राजाची ही अशी शिस्त!

आणि देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं नीट ऐकलंय? आधी जागेवाल्यापासून सगळ्यांची नावं क्रमाने, एकही न वगळता. मग अडचण काय ती. मग चूकभूल झाली असेल तर पदरात घे, आणि शेवटी मागणं. प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांचं "व्हय म्हाराजा". भयकथेचा सांगाडा याहून वेगळा नाही: कोण हक्कदार, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं, त्याने काय अडवलं, काय दिल्यावर सुटलं. कथा फसते ती बहुधा पहिल्या टप्प्यावर. लेखक भुताचं मागणंच ठरवत नाही, आणि मग ते पानापानावर नुसतं किंचाळतं. दहा पानांच्या कथेत ते दोनदा आलं तरी रग्गड. नियम पहिल्या दोन-तीन पानांत सहज कुणाच्या तरी तोंडून यावा, "तिन्हीसांजेला त्या गडग्यापलीकडे जाऊ नको हां," एवढाच. तो मोडला जाणार हे सगळ्यांना कळतं, आणि तेच हवं असतं.

तुम्ही विचाराल, आता वीज आली, मोबाईल आला, कुणाला भीती वाटते? घर बंद असेल तर वाटते. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी घरं वाडीवाडीत आहेत. खळ्यात गवत, माजघरात वाळवीची रांग, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली आणि उरलेली मुंबईत, एकमेकांशी न बोलणारी. समंध आणखी काय करतो? त्यालाही वाटणी झालेली नाही. रात्री कौलावर झावळ पडते, आणि आत झोपलेल्या पुतण्याला भुताच्या आधी चुलत्याचा खटला आठवतो. या जागेतून लिहिलेली कथा जुनी वाटत नाही, आणि तिला मांजर, घुबड, वादळ यातलं काही लागत नाही.

प्रेमकथेबद्दल थोडक्यात. तिला अडथळा लागतो आणि अडथळा खरा लागतो. आगबोटीच्या काळात तो समुद्रच होता: मेअखेरीला बोटी बंद, मुंबईतला माणूस मुंबईत आणि गावातली बाई गावात, मध्ये घाटातून एस्टीचा वळसा नाहीतर महिन्याला एक पत्र. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ते अंतर एका रात्रीचं झालं. म्हणून आजच्या कथेत "रेंज नव्हती" हा अडथळा कुणी मानत नाही, सड्यावर चढलं की मिळते. आजचा अडथळा मुलीच्या घरच्यांच्या पहिल्या प्रश्नात आहे: "मुलगा गावालाच राहणार काय?" कलमं आहेत, बागायत आहे, घर चिरेबंदी आहे, तरी या प्रश्नाला उत्तर देताना मुलाची आई पदराशी चाळा करते. यावर चांगली प्रेमकथा लिहिली जात नाही, याचं मला नवल वाटतं.

ही आवड खालच्या दर्जाची, असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी "मोचनगड" १८७१ची. तिच्याआधीचे आपले बहुतेक कादंबरीकार अद्भुतरम्य प्रेमकथांत रमले होते. म्हणजे मराठी कादंबरी याच शाळेत लिहायला शिकली.

आणि शेवटी ज्यांनी "मग एखादं चांगलं सुचवा" म्हटलंय त्यांना: नाव सुचवत नाही, कारण ज्याची त्याची आवड वेगळी. दुकानात उभ्या उभ्या दहा पानं चाळा. तिथी दिली असेल तर पाऊणने गुणा. पावसाळा असेल तर होडी कुठे आहे ते बघा. भूत असेल तर त्याला हवंय काय, आणि प्रेम असेल तर आड येतंय कोण, हे पहिल्या दहा पानांत पुसटसं तरी लागायला हवं. लागलं तर घ्या. नाही लागलं आणि मुखपृष्ठावर मोकळे केस सोडलेली बाई हातात कंदील घेऊन उभी असेल, तर ते पुस्तक प्रवासात कुणाकडून तरी मागून वाचण्याच्या लायकीचं.