दूध सुईने वाढत नाही

हार्मोनच्या सुईने दूध वाढतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी जनावरांचा डॉक्टर आहे म्हटलं की मुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हार्मोनची इंजेक्शनं देऊन दूध वाढवतात, ते प्यावं का आम्ही?"

तबेल्यात टोचतात ते ऑक्सिटोसिन. त्याने दूध तयार होत नाही, तयार झालेलं खाली उतरतं. पहाटे जोगेश्वरीच्या एखाद्या तबेल्यात उभे राहा. म्हशीचं पारडू दगावलेलं असतं. माणूस कास धुतो, सड चोळतो, धार लागत नाही. म्हैस पान्हा चोरून उभी. सुई जाते आणि बघता बघता सड तटतटून येतात. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आयतं उतरलेलं असतं, म्हशीच्या जेमतेम पाच टक्के. बाकीचं वर, दूध बनवणाऱ्या बारीक पिशव्यांत अडकलेलं. त्यामुळे म्हशीने पान्हा सोडला नाही तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं आणि दुधातून पोटात गेलंच, तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं. माझा राग आहे तो म्हशीच्या बाजूने. रोज टोचलेली म्हैस पुढे सुईशिवाय पान्हावतच नाही. पारडू जगवायला लागणारं दूध वाचवण्यासाठी तिला ही सवय लावली जाते.

मग दूध वाढतं कशाने? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या, मांसासाठी पाळलेल्या अँगस गाईंकडे आहे. त्यांची धार कुणी काढत नाही. सगळं दूध वासराच्या पोटात. तरी गेल्या काही दशकांत त्यांचं दूध वाढलं, ते पैदाशीसाठी केलेल्या निवडीने. तिथे वळूच्या नावापुढे दुधाचा आकडा असतो. वळूचा दुधाचा आकडा +२५ म्हणजे त्याच्या लेकींची वासरं, शून्य आकड्याच्या वळूच्या नातवंडांपेक्षा, केवळ आईच्या दुधामुळे २०५ दिवसांच्या वयाला सरासरी २५ पौंड जास्त भरतील. लिटर मोजलेच जात नाहीत, वासरू काट्यावर उभं करतात. तिथल्या जनावरांच्या कानात कातडीखाली हार्मोनच्या गोळ्या बसवतात हे खरं आहे, पण त्या मांस वाढवण्यासाठी. आणि दूध वाढवायला दुभत्या गाईंना टोचायचं वाढीचं हार्मोन तबेल्यातल्या सुईपेक्षा वेगळं; ते अमेरिकेने १९९३ मध्ये मंजूर केलं. युरोप आणि कॅनडाने ते येऊ दिलं नाही.

पिढ्यान् पिढ्या दुधासाठी निवड केली की गाईच्या अंगातलीच हार्मोन बदलतात. दुधाळ गाईच्या रक्तात, विशेषतः व्याल्यानंतरच्या काळात, वाढीचं हार्मोन जास्त आणि इन्सुलिन कमी असतं, त्यामुळे खाल्लेलं अंगावर न चढता कासेकडे जातं. चारा भरपूर असेल तर ठीक. नसेल तर गाय अंगावरची चरबी झिजवून दूध देते, वेळेवर माजावर येत नाही, पुढचं वेत लांबतं. शिवाय दुधाळ जातींना, भाकड असतानाही, नुसतं जगायलाच मांसाच्या जातींपेक्षा साधारण २० टक्के जास्त ऊर्जा लागते. म्हणून तिथला जाणता पशुपालक रानात चारा किती ते बघून वळू निवडतो, आणि कधी कधी मुद्दाम कमी दुधाचा निवडतो. मला हा शहाणपणा फार मोलाचा वाटतो.

आणि मुंबई? हरियाणा-गुजरातमधल्या उत्तम मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा म्हशी आपण वर्षानुवर्षं इथे ओढून आणल्या. ताजी व्यालेली म्हैस आणायची, एक वेत पिळायचं, आटली की विकायची, तीही बहुतेक वेळा खाटकाला. पारडी आधीच गेलेली. ज्या म्हशीच्या लेकी राखायला हव्या होत्या, तिचाच वंश तबेल्यात संपतो. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत वसवली तेव्हा बरेच तबेले शहराच्या गर्दीतून बाहेर निघाले, पण ही रीत काही पुरती गेली नाही. दुधातल्या सुईची चौकशी शंभर जण करतात, पारडीचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

तबेलेवाल्यांना मी एवढंच सांगत असतो: व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत म्हैस फळवून घ्या, म्हणजे आटली तरी गाभण म्हैस गावाकडे परत जाऊ शकते. आणि मादी पारडू असेल तर पहिला चीक तिला पोटभर पाजा. काही जण ऐकतात. त्यांच्याकडे सुईही कमी लागते, कारण पारडी ढुशी देते आणि म्हैस आपसूक पान्हा सोडते.