डिसेंबरचा ट्रे अखेर उगवला

मंडळी, आज 30 डिसेंबर. सकाळी दुसऱ्या ट्रेतली टोमॅटोची रोपं मोजली. 98 कप्प्यांत 86! पहिल्या ट्रेने जीव टांगणीला लावला होता, त्यामुळे हा आकडा लिहिताना फार बरं वाटतंय.

पहिल्याची गोष्ट अशी. 3 डिसेंबरला अर्का विकास पेरलं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हे टोमॅटोचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं वाण, गेल्या वर्षी गच्चीवर सगळ्यांत जास्त फळ दिलेलं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत नेहमीचंच. थंडी नको म्हणून ट्रे आत, मागच्या पडवीत ठेवला. 18 तारखेपर्यंत वर आली फक्त 11 रोपं. तीही मागेपुढे. एकाला खरी पानं फुटत होती तेव्हा दुसरं नुकतं मान काढत होतं.

पहिला संशय बियाण्यावर. टोमॅटोला किमान 70 टक्के उगवण हवी, पाकिटावरही तेच छापलेलं. 12 तारखेला दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या. पाचव्या दिवशी नऊंना मोड! म्हणजे बी खणखणीत होतं. मग कोकोपीट. त्याच्या दाबलेल्या विटेत क्षार असतात हे मान्य, पण मी तीन पाणी काढूनच वापरते (स्वस्तातल्या विटेचं पहिलं पाणी चहासारखं येतं, ते टाकल्याशिवाय कुणी पेरू नका). त्याच कोकोपीटमध्ये मेथी चौथ्या दिवशी तरारली होती. म्हणजे तेही नाही.

शेवटी स्वयंपाकातला टोचायचा थर्मामीटर घेतला आणि पहाटे सहाला पडवीत गेले. हवेत 18 अंश. ट्रेमध्ये टोचला तर 13.5!

हे आधी कसं लक्षात आलं नाही, याची चुटपुट अजून आहे. डिसेंबरात आपल्याकडची हवा कोरडी असते. ओल्या कोकोपीटवरून पाणी उडत राहतं आणि माठातल्या पाण्यासारखा ट्रे गार पडतो. खाली शहाबादी फरशी, वर कौलं. दुपारी ऊन आलं तरी ट्रे जेमतेम कोमट होतो आणि संध्याकाळी पुन्हा गारठतो. टोमॅटोच्या बियाला 25 अंशांत साधारण 6 दिवस लागतात, 20 ला 8, 15 ला 14 आणि 10 अंशांना तर 43. खोलीचं तापमान बघून मी निर्धास्त होते. बी मात्र खोलीत नव्हतं, ट्रेमध्ये होतं.

उपाय मिळाला तो भाजीवाल्या मावशींकडून. त्या कडोलीहून येतात, घरचं टोमॅटोचं रान आहे. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "बी मेलं न्हाई गं, गारठून बसलंय. आमच्याकडं रोपं करताना ट्रे एकावर एक रचत्यात आन् वरनं प्लॅस्टिक गुंडाळत्यात. उबीला पडलं की येतंय बघ." विजेवर तापणाऱ्या चटईचे दर बघत मी आठवडा घालवला होता! आपल्या गच्चीवरच्या दोन-चार ट्रेंसाठी ती चटई मला आता पटत नाही.

20 तारखेला नवा ट्रे पेरला. वर दुसरा रिकामा ट्रे पालथा, भोवती प्लॅस्टिक, सगळं थर्माकोलच्या खोक्यात आणि रात्री कडेला गरम पाण्याच्या दोन बाटल्या. पहाटे टोचून पाहिलं तर 22. पाचव्या दिवशी संध्याकाळी पहिल्या माना दिसल्या. प्लॅस्टिक त्याच क्षणी काढलं. एवढी एक गोष्ट जपा: झाकण रात्रभर राहिलं तर देठ दोऱ्यासारखे लांबतात आणि कोंदट ओलीत मर लागते. आता ट्रे सकाळी नऊला गच्चीवर, पाचला आत. पाणी फक्त सकाळी, तेही खालून.

या गडबडीत टोरांटोच्या आत्तेबहिणीशी बोलणं झालं. तिथे टोमॅटो बाहेर लावायचा तो व्हिक्टोरिया डेच्या सुमारास, म्हणजे 25 मेच्या आधीच्या सोमवारच्या आसपास. हिमाची भीती तेव्हा सरलेली असते. तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजून ती मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला घरात पेरते, आणि दिव्याखाली रोपं वाढवते. मी दोन वर्षं तिचीच पद्धत इथे बसवत होते: थंडी कधी सरेल, मग लावू. पण आपल्याकडे हिम पडतच नाही. आपली खुंटी दुसऱ्या टोकाला आहे. मार्चअखेर दिवसाचं ऊन 35 च्या पुढे जातं, परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. लागलेली फळंही 30 अंशांच्या वर नीट लाल होत नाहीत, पिवळट राहतात. त्यात पांढरी माशी आणि पानं आकसवणारा चुरडा-मुरडा रोग, पाठोपाठ वळीव. म्हणून आपण मोजायचं ते उन्हाळ्यापासून मागे.

मोजून पाहते. 20 डिसेंबरचं रोप जानेवारीअखेर कुंडीत, फूल फेब्रुवारीच्या शेवटी. फळ धरायला जेमतेम महिना. म्हणजे 10 जानेवारीचा ठरवलेला तिसरा ट्रे रद्द! हे लिहिता लिहिताच ठरवतेय, पण आकडे समोर असताना पेरण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायचं. तेव्हा पडवी उबदार असते, खोकंही लागणार नाही. अडचण एकच: मग फुलं जानेवारीत येतील आणि रात्री 13 च्या खाली गेल्या तर फळ धरत नाही. तिथे पुसा शीतल आठवलं. दिल्लीच्या पुसा संस्थेचं हे वाण रात्री 8 अंशांपर्यंत फळ धरतं. अर्धा ट्रे पुसा शीतल, अर्धा अर्का विकास, एकाच दिवशी. कुणाकडे पुसा शीतलचं ताजं बी असेल तर कळवा. मला दहा ग्रॅमचं पाकीट नको, पन्नास बिया पुरतील.

पहिल्या ट्रेतली ती 11 रोपं मात्र दोन आठवडे पुढे आहेत आणि देठ जाड आहेत. उद्या त्यांना मोठ्या पिशव्यांत हलवते, खालच्या पानांपर्यंत खोल, म्हणजे देठालाही मुळं फुटतील. गच्चीची पूर्वेची कड त्यांच्यासाठीच राखली आहे.