ताई, मिनी तापतोय, रेडिएटर बदलू का?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन फवारण्या सुरू झाल्या की हा प्रश्न येतोच. कोणी फोनवर विचारतं, कोणी बांधावरून, कोणी पिंपळगावला औषधाच्या दुकानात गाठून. मला विचारतात कारण आमचा अठरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर वीस वर्षांचा झालाय आणि अजून मूळच्याच रेडिएटरवर औषध फवारणारा ब्लोअर चालवतो. दोनदा डाख दिलाय त्याला, पण आहे तोच. दरवेळी घाईत अर्धंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सगळं लिहिते.

रेडिएटर लगेच बदलू नका. आधी पुढची जाळी काढा, त्याच्यासमोर उकिडवे बसा आणि मागून, पंख्याच्या बाजूने, कोणाला तरी मोबाईलची टॉर्च धरायला लावा. पुढून उजेड दिसतो का बघा. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं, त्यातल्या बऱ्याच जणांना अंधारच दिसला.

द्राक्षबागेत ट्रॅक्टर का तापतो ते समजून घ्या. रस्त्याने जाताना समोरून वारा लागतो. सरीत ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो, दोन्ही बाजूंना वेलींची भिंत असते, वारा असा नसतोच. जी काही हवा रेडिएटरमधून जाते ती पंखा ओढतो तेवढीच. आणि मागे ब्लोअर, तो फिरवणाऱ्या पीटीओच्या दांड्याला मिनिटाला 540 फेरे हवेत म्हणून इंजिन सतत वर चढवलेलं. म्हणजे उष्णता सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी. त्यात ओळ संपली की वळताना आपल्याच फवाऱ्याचं धुकं ट्रॅक्टरवर येतं आणि तोच पंखा ते आत ओढून घेतो. सरीतली धूळ, पानांचा चुरा आणि वरून औषध, असा थरावर थर. बोर्डो मारला असेल तर विचारूच नका. मोरचूद आणि चुना, चुना तर गिलाव्यासारखा धरतो.

मी धुते कशी ते सांगते. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे सकाळीच. आधी कोरडा ब्रश, रंगाचा दोन इंची, वरून खाली हलक्या हाताने. मग कंप्रेसरची हवा असेल तर ती, पंख्याच्या बाजूने पुढे. पाणी त्यानंतर. कोरड्या धुळीवर आधीच पाणी मारलं तर आत चिखल होतो आणि वाळला की तो निघत नाही. पाणीही पंख्याच्याच बाजूने पुढे मारायचं, कारण घाण पुढून आत गेली आहे, आली त्याच वाटेने तिला बाहेर काढायची. वॉशिंग पंपाची नळी जवळ धरू नका. रेडिएटरच्या पातळ पत्र्या बोटानेसुद्धा वाकतात, आणि वाकल्या की तिथली हवेची वाट बंद. पहिलं पाणी उतरतं ते निळसर-हिरवं, मग मातकट, मग त्यात पानांच्या शिरा दिसतात. पाणी स्वच्छ पडेपर्यंत मारायचं. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत हे आठवड्यातून एकदा होतं. शेड्यूल कितीही धावपळीचं असो, हे चुकत नाही.

धुताना पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर बघून घ्या. जुन्या ट्रॅक्टरांत ते बऱ्याचदा नसतंच, कधीतरी पट्टा बदलताना काढलं आणि परत बसवायचं राहिलं. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून बाजूची, इंजिनचीच गरम हवा फिरवत बसतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण एक सेंटीमीटर, थोडं जास्त, इतकाच दबला पाहिजे. आतून काचेसारखा चकाकत असेल तर तो घसरतो, आवाज येवो न येवो. बदला.

आता पाणी. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण इथे आपण सगळे एकच चूक करतो.

आपल्या भागात काळा पाषाण फोडून बोअर घेतलेत. त्या पाण्यात क्षार किती असतात हे ठिबक असणाऱ्याला शिकवायला नको. ड्रीपर बंद पडतात, आपण ऍसिड सोडून ते उघडतो. गिझरची कॉइल पांढरी पडते. आणि तेच पाणी बादलीने रेडिएटरमध्ये ओततो! पाणी तापलं की क्षार बाहेर पडतात आणि जिथे सगळ्यात जास्त गरम, तिथे आधी बसतात, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, हेडमध्ये, आणि पिस्टन ज्यात चालतो त्या लायनरभोवती, जिथे तुमचा हात कधीच पोचणार नाही. तो थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. रोज लिटरभर बोअरचं पाणी घालता म्हणजे रोज चिमूटभर दगड इंजिनात घालता. आणि रोज लिटरभर लागतंच का, ते जातं कुठे, हेही शोधा. होजची, म्हणजे रबरी नळीची क्लिप, पाण्याच्या पंपाखालचं छोटं भोक, रेडिएटरचा सांधा. पंपाच्या भोकातून थेंब येत असेल तर आतला सील गेलाय, ते भोक एमसीलने बुजवू नका. ते सील गेल्याचं सांगायलाच ठेवलेलं असतं.

एक विनवणी. ठिबकचं ऍसिड रेडिएटरमध्ये कधीही घालू नका. क्षार जातील, पण ऍल्युमिनियम त्याहून आधी जाईल. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला वरची टाकी उघडून नळ्यांत सळई मारून देतो आणि परत डाख देतो. आमचा दोनदा असाच झालाय. नवे ऍल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाकीचे असतात, ते असे उघडता येत नाहीत. म्हणूनही म्हणते, जुना असेल तर जपा.

मी काय घालते? कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. आमच्यात साधारण चार लिटर बसतं. अनेकजण म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? निफाडला थंडीत पारा चार-पाच अंशांवर येतो, बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो आपण, पण पाणी गोठत नाही, हे खरंच. कुलंट त्यासाठी नाहीच. त्यात गंज थांबवणारं रसायन असतं आणि मिश्रण उकळायला जास्त तापावं लागतं. दोन वर्षांनी ते रसायन संपतं, रंग हिरवाच राहतो. म्हणून रंग बघून ठरवू नका, तारीख लिहून ठेवा. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिते. नुसतं कुलंटही घालू नका, पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर मात्र पाणी मिसळू नका, ते आधीच मिसळलेलं असतं.

रेडिएटरच्या कॅपकडे कोणी बघत नाही. आपण समुद्रसपाटीपासून 500-600 मीटर उंचावर आहोत, इथे उघडं पाणी 98 अंशांलाच उकळतं. कॅपवर 0.9 असा आकडा असेल तर ती तेवढा बार दाब धरते आणि तेच पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं, स्प्रिंग ढिली पडली की हे वीस अंश गेले. ट्रॅक्टर तितकाच तापलेला असतो, पण पाणी मात्र उकळून बाहेर येतं आणि दोष रेडिएटरला लागतो. ट्रॅक्टर थंड झाल्यावर खालचा किंवा वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅपची आतली छोटी झडप अडकली आहे असं समजा. दुसरी कॅप घेताना तोच आकडा बघून घ्या.

ही कॅप गरम असताना उघडायची नाही. माझ्या सासऱ्यांच्या, नानांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत खूण आहे. पाणी कमी झालं असेल म्हणून चिंधी धरून फिरवली त्यांनी. दाब सुटला की ते 110 अंशांचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन उसळतं. त्या दिवशी घरात दुसरा कोणी ट्रॅक्टर चालवणारा नव्हता, फवारणी अर्धी राहिली होती, म्हणून मी बसले. तेव्हापासून बसतेच आहे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाका, गाडी गार राहते, असं मिस्त्री सांगतात. काढू नका. डिझेल इंजिनाला 80 अंशांच्या वर राहायला हवं, त्याखाली डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं, लायनर झिजतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाणी बायपासच्या आडवाटेनेच फिरत राहतं, रेडिएटरकडे पुरेसं जातच नाही. म्हणजे गार व्हायच्या ऐवजी जास्त तापतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून भांड्यात पाण्यात सोडा, खाली टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. बहुतेक 82च्या आसपास तो उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा आणा, किंमत फार नसते.

आता माझी चूक सांगते. चार वर्षांपूर्वी, पाऊस लांबला होता, डाऊनी रोग सगळीकडे दिसत होता, मी सलग तिसऱ्या दिवशी ब्लोअरवर होते. तापमानाचा काटा रोजच्यापेक्षा थोडा वर होता आणि मग तो खाली आला. मला हायसं वाटलं. दोन ओळींनी इंजिन जड झालं, पत्रा जळल्यासारखा वास आला आणि बंद पडलं. खालचा होज फाटला होता. काट्याचा सेन्सर पाण्याचं तापमान बघतो, आणि पाणीच गेलं की तो कोरड्या हवेत लोंबतो, म्हणून काटा खाली येतो. मला हे माहीत नव्हतं. वर घाईघाईने बादलीभर थंड पाणी ओतलं. हेडला तडा गेला. दुरुस्तीला अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांत एक एकराचे घड गेले. नाना एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त फाटलेला होज हातात घेऊन वाकवून बघत बसले. आतून तो भेगाळलेला होता, कधीचाच.

त्यामुळे काटा अचानक खाली आला तर लगेच इंजिन बंद करा. काटा वर चढतोय आणि पाणी जागेवर आहे, तर पीटीओ सोडा, इंजिन हळू चालू ठेवा, पाच मिनिटांनी बंद करा. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, तासभर थांबा. होज दरवर्षी छाटणीआधी दाबून, वाकवून बघा.

एवढं सगळं ठीक असूनही तापला, तर सकाळी थंड असताना कॅप उघडी ठेवून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ते दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर हेडखालचं गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. मग रेडिएटर बदलूनही काही होणार नाही, मिस्त्रीलाच बोलवा. आणि नळ्या सळईनेही मोकळ्या होत नसतील, तर मग खुशाल बदला, तेव्हा मी अडवणार नाही.

अजून एक. कुलंट काढाल तेव्हा घमेलं झाकून ठेवा आणि ते जमिनीवर किंवा चारीत ओतू नका. चवीला ते गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री चाटतात, शेळी तोंड लावते, लहान लेकरू हिरवं सरबत समजतं. मूत्रपिंडं जातात, औषधाला वेळ मिळेलच असं नाही. आमच्याकडे ते झाकणाच्या कॅनमध्ये जातं, कॅन कुलपात, किल्ली नानांकडे.