इंजिनासाठी अडलेले विमान : हाइनकेल २८०

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट लढाऊ विमानांचा विषय निघाला की मेसरश्मिट २६२ चे नाव हमखास घेतले जाते. मला मात्र दर वेळी त्याचे जर्मन प्रतिस्पर्धी विमान हाइनकेल २८० आठवते आणि हळहळ वाटते. केवळ जेट इंजिनांच्या बळावर मेसरश्मिट जुलै १९४२ मध्ये झेपावले, तर हाइनकेलने ते १९४१ च्या वसंतातच साधले होते. त्या पहिल्या जेट उड्डाणाच्या दिवशी दोन्ही इंजिनांवरची आवरणे मुद्दाम काढून ठेवली होती, कारण जमिनीवरच्या चाचण्यांत इंधन ठिबकून आवरणांच्या तळाशी साचत असे आणि त्याने पेट घेण्याची भीती होती. अशा उघड्या इंजिनांनिशी चाचणी वैमानिक फ्रिट्झ शेफर यांनी विमान वर नेले, छोटीशी फेरी मारली आणि सुखरूप खाली आणले.

विमानाची बांधणी काळाच्या पुढची होती. बहुतेक लढाऊ विमाने तेव्हा शेपटीकडच्या चाकावर टेकत असत. याला नाकाखाली चाक होते, त्यामुळे ते धावपट्टीवर आडवे, समतल उभे राहत असे. घोडे अडले ते इंजिनापाशी. अभियंता हान्स फोन ओहाइन यांच्या 'हेएस ८' इंजिनातून अपेक्षित जोर काही केल्या मिळेना. पुढे युंकर्स कंपनीची वजनदार इंजिने बसवून पाहिली. पण विमान मुळात लहान, त्यात इंधन कमी मावे आणि पल्ला मेसरश्मिटपेक्षा तोकडा पडे. मार्च १९४३ मध्ये जर्मन हवाई मंत्रालयातले अधिकारी एऱ्हार्ड मिल्ख यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला, तोवर जेमतेम नऊ विमाने झाली होती. माझ्या मते मेसरश्मिटची निवड योग्यच होती, तरीही इंजिन वेळेवर हाती आले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

या विमानात आणखी एक गोष्ट होती : दाबलेल्या हवेने वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन. १३ जानेवारी १९४२ रोजी पहिल्या नमुन्याची जेट इंजिने उतरवून, उडत्या बॉम्बसाठीची आर्गस इंजिने तपासण्याकरिता, दुसऱ्या विमानांनी त्याला ओढत वर नेले. हवेत हिमवर्षाव होता. बर्फ साचून नियंत्रणे गोठली, दांडा हलेना, तेव्हा वैमानिक हेल्मुट शेंक यांनी वरचे झाकण उडवले आणि आसनाची कळ दाबली. संकटात सापडलेला वैमानिक अशा आसनाने बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती. विमान गेले, शेंक हवाई छत्रीने सुखरूप उतरले.