गेलेल्यांनी मोठा केलेला सण

दरवर्षी १७ मार्चला आयर्लंडचा सण, सेंट पॅट्रिक डे आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिरव्यागार नदीचा व्हिडिओ फिरायला लागतो आणि मागोमाग काकूचा प्रश्न येतो, "तुमच्याकडची ना गं ही?" ती नदी आमच्याकडची, म्हणजे आयर्लंडची नाही, अमेरिकेतल्या शिकागोची. तिथल्या प्लंबर मंडळींच्या युनियनने १९६२ साली पहिल्यांदा तिच्यात हिरवा रंग सोडला. डब्लिनची लिफी नदी त्या दिवशीही तिच्या नेहमीच्या काळपट रंगातच वाहते.

काकूचा गोंधळ होणं साहजिक आहे. सेंट पॅट्रिक डे आज जगाला ज्या रूपात माहीत आहे, ते रूप बऱ्याच अंशी आयर्लंड सोडून गेलेल्यांनी त्याला दिलं. स्वतः घर सोडून इथे आल्यामुळे असेल, पण या सणातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते.

मुळात ज्याच्या नावाने हा सण, तो संत पॅट्रिकसुद्धा आयरिश नव्हता. पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमध्ये वाढलेला हा मुलगा. सोळाएक वर्षांचा असताना आयरिश लुटारूंनी त्याला पळवून आणलं. सहा वर्षं त्याने गुलामीत गुरं-मेंढरं राखली, मग निसटून घरी गेला आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच देशात परत आला. हे सगळं त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. त्याने साप समुद्रात हाकलले, शॅमरॉक या छोट्या रोपाची तीन पानं दाखवून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावले, या कथा फार नंतरच्या. हिमयुगानंतर या बेटावर साप कधी पोचलेच नव्हते. १७ मार्च ही त्याची पुण्यतिथी मानतात.

आयर्लंडमध्ये कित्येक पिढ्या हा दिवस चर्चचाच होता. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तो येतो आणि त्या दिवशी पथ्य सैल होतं, म्हणून सकाळी प्रार्थना, कोटाला शॅमरॉकची जुडी आणि दुपारी घरी डुकराचं खारवलेलं मांस, कोबी, उकडलेले बटाटे असं जेवण. मिरवणूक मात्र समुद्रापलीकडची. बॉस्टनमध्ये १७३७ साली आयरिश लोकांनी हा दिवस साजरा केला, न्यूयॉर्कची परेड १७६२ सालची. पुढे १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळाने जवळपास दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त जहाजात बसून निघून गेली. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या ८० लाखांवर होती. उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेचं प्रजासत्ताक धरून आजही ती तेवढी भरलेली नाही! अमेरिकेत उतरलेल्या या फाटक्या माणसांना कुणी मान देत नव्हतं. वर्षातून एक दिवस हजारोंनी रस्त्यावर उतरून 'आम्ही इथे आहोत' हे दाखवणं ही त्यांची गरज होती. परेड मोठी झाली ती त्या गरजेतून.

मायदेशात सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९०३ साली. स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारने १९२७ साली कायदा करून त्या दिवशी पब बंद ठेवले, आणि ते १९६० पर्यंत बंदच राहिले. त्या काळात डब्लिनमध्ये उघडपणे पेला मिळायचा तो रॉयल डब्लिन सोसायटीच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात, त्यामुळे श्वानप्रेमींची संख्या त्या दिवशी बरीच वाढायची, असं जुनी माणसं अजून रंगवून सांगतात. बीअरचे फेसाळते ग्लास आणि हा सण, ही जोडी इथल्या मानाने बरीच अलीकडची आहे. डब्लिनमध्ये सरकारी परेड १९३१ साली सुरू झाली, आणि आजचा कित्येक दिवस चालणारा महोत्सव तर १९९६ पासूनचा. गॉलवेच्या 'मॅकनस'सारख्या नाट्यसंस्थांची अवाढव्य बाहुली आली, रस्त्यावरचे खेळ आले आणि अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची बँडपथकं आली. ओकॉनेल स्ट्रीटवर ती पोरं ट्रम्पेट वाजवत जातात तेव्हा त्यांच्यातल्या कुणाकुणाचे खापरपणजोबा याच बंदरांतून गेले असतील, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. आयरिश भाषा जगावी म्हणून डग्लस हाइड यांच्या पुढाकाराने गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली ती १८९३ साली. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सव उचलून धरला तोही त्याच वर्षी. एकाच साम्राज्याखालची ही दोन टोकं भाषेत आणि सणात आपली ताकद शोधत होती. हाइड पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गेलिक लीगचा भाषा-उत्सव आजही १ ते १७ मार्च चालतो. २०२२च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येत असल्याचं सांगितलं, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. म्हणून दुकानाच्या काउंटरवरची मुलगी या पंधरवड्यात मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये 'धन्यवाद' म्हणते तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

मी राहते ते किल्डेअर काउंटीतलं लहानसं शहर. इथली परेड टीव्हीवर दिसत नाही आणि मला ती डब्लिनपेक्षा जास्त आवडते. सगळ्यात पुढे बँड, मग अग्निशमन दलाची गाडी भोंगा वाजवत. त्यामागे हर्लिंग या आयरिश मैदानी खेळाच्या काठ्या खांद्यावर टाकलेली सात-आठ वर्षांची पोरं, कुरळे विग घातलेल्या नाचाच्या क्लासच्या मुली, जुने घासूनपुसून चकचकीत केलेले ट्रॅक्टर, वर्षभर रस्त्याकडेची फुलझाडं सांभाळणारे निवृत्त लोक. ट्रकच्या ट्रॉलीवर उभा निवेदक एकेकाला नावाने हाक मारतो, त्याच्या आजोबांची आठवण सांगतो, अगदी आपल्या गावच्या जत्रेतल्या माइकवाल्यासारखा. पोलिश शनिवार-शाळेची मुलं असतात. केरळच्या परिचारिका कसवू साडीवर जाड जॅकेट घालून चालतात. त्यांच्या मागे आम्ही मराठी मंडळी लेझीम घेऊन. पाऊस आला तरी कुणी रांग सोडत नाही.

शेजारच्या आजी परेडच्या दिवशी घरी बोलावतात. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. मार्च लागला की त्याच्या मुलांसाठी शॅमरॉकचे बिल्ले आणि कार्ड पाकिटात घालून पोस्टात टाकतात. पोस्टातल्या त्या रांगेत त्यांच्यासारख्या कितीतरी आया उभ्या असतात. देश सोडणं इथे दुष्काळाबरोबर संपलं नाही. २००८च्या मंदीनंतरही घराघरातली तरुण मुलं ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली.

सरकारलाही बाहेरच्या आयरिशांचं महत्त्व ठाऊक आहे. या आठवड्यात मंत्री जगभर पांगतात. पंतप्रधान वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकेच्या अध्यक्षांना काचेच्या वाडग्यात शॅमरॉक देतात. १९५२ साली राजदूत जॉन हर्न यांनी ट्रूमन यांना शॅमरॉकची छोटी पेटी पाठवली, तिथून हे सुरू झालं. २०१८ साली तो वाडगा हातात घेऊन उभे होते तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. २०१९च्या डिसेंबरअखेर लिओ कुटुंबासह वराडला येऊनही गेले. आयरिशपणाचं सगळ्यात मोठं प्रतीक एका मालवणी घरातल्या नातवाच्या हातात, हे दृश्य पाहताना आमच्या घरात सगळेच टीव्हीसमोर उभे राहिलो होतो.

पुढच्या मार्चमध्ये इकडे येणार असाल तर डब्लिनची परेड दुपारी बाराला पार्नेल स्क्वेअरवरून निघते. पुढे उभं राहायचं असेल तर दहाच्या आत जागा धरा. वेगळं काही बघायचं असेल तर केरी काउंटीतल्या डिंगलला मुक्काम करा. तिथली मिरवणूक पहाटे सहाला, अंधारातच निघते. जमीनदारांविरुद्धच्या चळवळीच्या काळात दिवसाउजेडी जमावबंदी होती म्हणून ही वेळ पडली, असं तिथले लोक सांगतात. छत्री आणू नका. वारा ती उलटवतो आणि मागच्यांना दिसतही नाही. टोपीचा रेनकोट आणा, आत चांगला जाड स्वेटर घाला.